तिसऱ्या धोंड्यावरचा परीट

तुल्लिओ तोरिनोहून विचारतो, कधी येऊ?
मे संपला की एकदा,
मग जूनमध्ये दर रविवारी.
कारखान्यातून त्याला चारच दिवस सुटतात
आणि तेही आधी सांगावे लागतात.
नदीला हे कोण सांगणार.

पाव आणायच्या वाटेवर मी पुलावर थांबते.
खाली सेझिया, तांदळाच्या धुवणासारखी,
जणू खालच्या वेर्चेल्लीच्या शेतांतला तांदूळ
कुणी इथेच आधी धुऊन ठेवतंय.
हे मोंते रोझाचं पीठ, बाबा म्हणायचे,
बर्फाच्या जात्यात दळलेला दगड.
असल्या पाण्यात माशाला माशी दिसत नाही,
आणि दिसली तरी काय,
त्याला आधी जीव सांभाळायचा असतो.

दुसऱ्या खांबापाशी तीन धोंडे.
पहिल्याचं डोकं दिसलं: थांब.
दुसऱ्याचे खांदे दिसले: दोर भिजत घाल.
तिसऱ्यावर परीट येऊन बसला, की कळव.

हे बाबांनी कुठे लिहिलं नाही.
वहीत फक्त वेळा:
वर दुपारी बाराला वितळलेलं
आपल्याकडे संध्याकाळी सहाला पोचतं.
म्हणजे सकाळी वाहतं ते रात्रीच्या गारठ्याचं,
त्यातल्या त्यात स्वच्छ.
रात्र ढगाळ असली तर मात्र
बर्फावर गोधडी पडते
आणि पाणी झोपत नाही.

वरच्या आसऱ्याची चावी सांभाळणाऱ्या रेमोला मी फोन लावते.
तो म्हणतो, छपराची धार तुटली, आता नुसते थेंब.
म्हणतो, पायवाटेवर अजून गुडघाभर.
म्हणतो, दोन आठवडे. मग म्हणतो, तीन.
आणि मी ते तसंच्या तसं तोरिनोला पोचवते,
एकोणीस वर्षं, पोस्टातल्या बाईसारखी.

यंदा तिसऱ्या रविवारी फोन वाजला
तेव्हा दुसऱ्या धोंड्याचं नुसतं कपाळ वर होतं.
मी म्हटलं, ये. निवळलंय.

तो आला. काठी घेऊन, चार मीटरची, बिनचाकाची,
जिचे तुकडे होत नाहीत,
म्हणून ड्रायव्हरशी भांडून.
पुलापाशी उतरला, वाकून पाहिलं.
मी पिशवी या हातातून त्या हातात केली.
"सकाळी असेल," तो म्हणाला.
सकाळी नव्हतं.

मग ओट्यावर बसून आम्ही घोड्याच्या शेपटीचे केस वळले,
जाड टोकाला सोळा, मग चौदा, मग बारा.
त्याची बोटं राठ झालेली, गाठ सुटायची,
मी दात लावून ओढून द्यायची,
लहानपणी द्यायची तशी.
पिवळ्या रेशमावर तितराचं पीस गुंडाळता गुंडाळता
त्याने विचारलं, तुझा गुडघा कसा आहे?
कुठला, मी म्हटलं.
पीस त्याच्या बोटांत तसंच राहिलं.
"दोन्ही?"

चौथ्या रात्री गारठा पडला.
पहाटे काठालगत हातभर रुंद
हिरवा पट्टा उघडला, बाटलीच्या काचेसारखा.
तासभर. एक ट्राउट आली,
माशी चाखली, थुंकली, गेली.
तो एवढ्या मोठ्याने हसला
की पलीकडच्या काठावरचं कुत्रं भुंकायला लागलं.
नऊच्या बसचा ड्रायव्हर तोच निघाला.
काठी इथेच राहिली.

सात जुलैला परीट येऊन बसला तिसऱ्या धोंड्यावर,
शेपूट आपटत, जणू उशीर मलाच झालाय.
मी फोन उचलला. तोरिनोचे आकडे बोटांना पाठ आहेत,
तरी रेमोला लावला.
वर ऊन कसं आहे?
कडक, तो म्हणाला, आत्ता कुठे गळायला लागलंय.
घड्याळात साडेनऊ.
म्हणजे तीनपर्यंत तरी नदी माझी.

पाव उद्या आणता येईल.